पुस्तकी किंमत

७ एप्रिल, सोमवार

आज सिद्धेशने केबिनमध्ये बोलावलं आणि पवनातीरचं काम माझ्याकडे दिलं.

आमची लोकरंजन आणि मुंबईची महादर्पण, या दोन मोठ्या टीव्ही कंपन्या एक झाल्या त्याला या महिन्यात वर्ष झालं. तेव्हा पेढे वाटले होते आणि सगळ्यांना एक निळी पिशवी दिली होती, 'एकत्र येऊ, मोठे होऊ' असं छापलेली. आई त्या पिशवीतून भाजी आणते. आता संचालकांना बघायचंय की एकत्र येऊन नेमकं किती मोठे झालो. प्रत्येक केंद्राचं वर्षभराचं उत्पन्न, खर्च, मालमत्ता तपासून अहवाल द्यायचा. त्यावरून कुठलं केंद्र ठेवायचं ते ठरेल. पिंपरी-चिंचवडची पवनातीर वाहिनी त्यातली सगळ्यात लहान.

इतकी वर्षं इथे कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचे हिशेब, करतेय, पण अहवाल माझ्या एकटीच्या नावाने जाणार असं पहिल्यांदाच घडतंय. सिद्धेश माझ्याहून वयाने लहान आहे, पण साहेब म्हणून सभ्य. म्हणाला, "मैत्री मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? ओळखी असतील."

म्हटलं, मी पवनातीर बघतच मोठी झाले. ती सुरू करणारे नवाबचाचा आमच्या घरी येत असत.

"मग तर फारच उत्तम," तो म्हणाला. "पहिल्या पानावर फक्त तुमचं नाव राहू दे. माझं नको."

हाताखालच्या माणसाला असं पुढे करणारा साहेब मला आजवर भेटला नव्हता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती टीव्हीसमोर लसूण सोलत होती. "नवाबभाऊचं तू तपासणार व्हय?" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

९ एप्रिल

काळेवाडीचा पूल ओलांडून रहाटणीला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. खाली टायरचं दुकान, वर पवनातीर. जिन्यातली एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे माझ्या पायांना अजून आठवतंय.

नवाबचाचा दारातच उभे होते. सत्तरीला आलेत, दाढी पूर्ण पांढरी, पण शर्टाच्या खिशात टेस्टर अजून आहे. ईद होऊन आठवडा उलटला तरी माझ्यासाठी शीरखुर्मा फ्रिजमध्ये राखून ठेवला होता. आधी आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग कामाची.

त्यांचं पूर्वी पिंपरीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांनी बोनसमधून घेतलेला टीव्ही सारखा बिघडायचा आणि चाचा सायकलवर येऊन आमच्या खोलीत जमिनीवर तो उघडून बसायचे. पुढे त्यांनी केबल टाकली. मग कुठून तरी एक जुना कॅमेरा मिळवला आणि दिसेल ते दाखवायला लागले. कंपन्यांचे कबड्डीचे सामने, कॉलनीतले गाण्याचे कार्यक्रम, पाणी न आलेले नळ. आपल्यासारखी माणसंही टीव्हीत दिसू शकतात हे आम्हाला तेव्हा कळलं. रविवारी 'कामगारांची मैफल' लागायची. बाबा त्यात गायले होते. मी सहावीत असेन. अख्खी चाळ आमच्या खोलीत दाटलेली आणि बाबा लाजून बाहेर गॅलरीत उभे.

लोकरंजनने वाहिनी विकत घेतली तेव्हा चाचांना पगारावर केंद्रप्रमुख म्हणून ठेवलं. त्यांची मुलगी नबीला बातम्या वाचते, एडिटिंग करते, वेळ पडली तर कॅमेराही धरते. तिने मला ओळख दाखवली नाही. लहान असताना माझ्या कडेवर बसलेली मुलगी.

"ताई, आम्हाला मोजायला आलात ना?" ती म्हणाली. "मोजा."

चाचा म्हणाले, "नबीला, पाणी आण."

तिने आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि निघून गेली.

११ एप्रिल

आकडे वाईट आहेत. मर्जरच्या आधीच्या वर्षी पवनातीर थोड्या का होईना नफ्यात होतं. या वर्षी मोठा तोटा. उत्पन्न निम्म्यावर आलंय आणि खर्च वाढलाय. माणसं तीच, जागा तीच, कॅमेरेही तेच, मग खर्च वाढला कसा?

असं असेल तर मला तसंच लिहावं लागेल. ओळख बाजूला ठेवून. सिद्धेशने विश्वासाने काम दिलंय.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. आईबरोबर पिंपरीच्या चौकात जाऊन आले. गर्दीत नबीला रिक्षाच्या टपावर उभी राहून शूट करत होती. आई खालून हात हलवत राहिली. नबीलाने कॅमेरा तिच्यावर आणला तशी आई पदर सारखा करून ताठ उभी राहिली.

घरी आल्यावर आईने मला पुन्हा सगळी मिरवणूक पवनातीरवर बघायला लावली. "आत्ता तर बघून आलो," मी म्हटलं. ती म्हणाली, "तिथं माणसं दिसत्यात का? नुसती डोकी दिसत्यात. हितं तोंडं दिसत्यात."

१७ एप्रिल, गुरुवार

सापडलं.

इथल्या गाड्यांच्या शोरूमवाल्यांच्या, सोनारांच्या, बिल्डरांच्या जाहिराती पवनातीरवर अजून पूर्वीसारख्याच लागतात. चाचांची माणसंच त्या मिळवतात. पण मर्जरनंतर जाहिराती सगळ्या वाहिन्यांसाठी मिळून एकत्र विकल्या जातात आणि ते उत्पन्न मुंबईच्या खात्यात जमा होतं. इथे त्यातला अगदी थोडा वाटा येतो. उलट मुंबईच्या टॉवरमधल्या ऑफिसचं भाडं, नवी सॉफ्टवेअर, मर्जरच्या सल्लागारांची फी, असल्या सगळ्या खर्चातला हिस्सा प्रत्येक केंद्राच्या माथी मारलाय. पवनातीरला त्यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नाही.

म्हणजे दुकान इथलं आणि गल्ला मुंबईत. मी जाहिराती जिथल्या तिथे धरून आणि वरचा खर्च वगळून पुन्हा मांडणी केली. पवनातीर गेल्या वर्षीपेक्षा पुढे आहे. थोडंसंच, पण पुढे.

बाबा असते तर त्यांना फोन केला असता. ते बेअरिंगच्या कारखान्यात फिटर होते, त्यांना हिशेबातलं काही कळत नसे. पण "नीट बसलं का?" असं विचारायचे, नट बसल्यासारखं. नीट बसलं.

चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले. "मग आपण पास?"

"चाचा, तुम्ही नापास कधी नव्हताच."

त्यांनी खालून भजी मागवली. नबीलाने एक खाल्लं. उभ्यानेच, पण खाल्लं.

२२ एप्रिल

आज मालमत्तेच्या पाहणीसाठी टेपांच्या खोलीत गेले. काल आणि परवाही तिथेच होते. काम बरंच आहे.

भिंतभर लोखंडी मांडण्या आणि त्यांवर जुन्या टेपा. आधी मोठ्या, मग लहान, शेवटी नुसत्या तबकड्या. पाठीवर चाचांच्या अक्षरात नावं. 'संत तुकाराम नगर, नाट्यस्पर्धा'. 'पिंपळे गुरव, यात्रा, कुस्त्या'. 'कामगार क्रीडा दिन'. 'महिलांचा पाण्याचा मोर्चा'. त्या मोर्चात आई होती. तेव्हा रहाटणीला उसाचे मळे होते, तेही एका टेपेत आहेत. आता तिथे दोन्ही बाजूंना इमारती आणि मधून पाहणाऱ्याला आकाश तेवढं दिसतं.

चाचा मागे येऊन उभे राहिले. "काय शोधतेस?"

"काही नाही, यादी करतेय."

त्यांनी एक तिरकी टेप सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "मैफलच्या टेपा नाहीत, बेटा."

मी काही विचारलं नव्हतं.

"टेप महाग असायची तेव्हा. नवीन घ्यायला पैसे कुठले? तीच पुसून वर दुसरं भरायचो. तुझ्या बाबांच्या गाण्यावर एका पतपेढीची वार्षिक सभा आहे. मी स्वतःच भरली. तेव्हा वाटलं, ते काय, पुढच्या रविवारी पुन्हा गातील. ते पुन्हा आलेच नाहीत. म्हणाले, एकदा झालं, बास."

मी म्हटलं, असू दे, मी कामासाठी आलेय. डोळ्यांत धूळ गेली होती, म्हणून जरा गॅलरीत जाऊन उभी राहिले.

२५ एप्रिल

सिद्धेशला कच्चा अहवाल दाखवला. त्याने सगळा वाचला. माझ्या नव्या मांडणीपाशी थांबून म्हणाला, "सुंदर काम आहे. पण हे मुख्य भागात नको. वाचणारे गोंधळतात. शेवटी परिशिष्टात टाका."

"मुख्य भागात मग तोटाच दिसेल."

"कंपनीच्या पद्धतीनुसार तो तोटाच आहे, मॅडम."

"पद्धत चुकीची आहे, असंच तर मी लिहिलंय."

तो आवाज न चढवता बोलत होता. मुंबईत ऑक्टोबरपासून नवी जागा निघतेय, त्यासाठी त्याने माझं नाव दिलंय, हेही त्याने याच वेळी सांगितलं. मी म्हटलं, मुख्य भागात ठेवलं नाही तर मी सही करणार नाही. हे कुठून आलं माझ्या तोंडून, कळलं नाही. तो अहवाल मिटून माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ठीक आहे. ठेवा."

इतक्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. सभ्य माणसाशी स्पष्ट बोललं की काम होतं.

२८ एप्रिल

आईचं पवनातीरवरचं दुपारी एकचं 'स्मरण' चुकलं, लाईट नव्हती. दिवसभर बेचैन. मी गमतीने त्याला 'दुपारची मरणं' म्हणते. आपल्या भागात कोण गेलं त्याचे फोटो आणि अंत्यविधीची वेळ, एवढाच कार्यक्रम. आई तो बघते आणि निम्म्या ठिकाणी जाऊन येते. कितीदा सांगितलं, गुडघा दुखतो तर कशाला. म्हणते, "तुज्या बाबांच्या येळंला समदी आल्ती. त्यांना कुणी फोन केला व्हता? हितंच बघून आल्ती."

तिला एखादा चांगला मोबाईल घेऊन द्यायला हवा, म्हणजे मालिका बघेल, मन रमेल.

२ मे, शुक्रवार

खाली टायरवाल्यांच्या दुकानात पाणी प्यायला थांबले होते. ही इमारत त्यांच्याच काकांची. ते सहज म्हणाले, "मॅडम, वरची जागा खाली झाली की रंग द्यायचाय. जूनमध्ये जिमवाले येणारेत."

मी विचारलं, कुठली वरची?

"तुमचीच की. जागा सोडतोय म्हणून कंपनीची नोटीस नाही का आली आम्हाला? फेब्रुवारीतच आली."

मला काम मिळालं एप्रिलमध्ये.

वर गेले. चाचा वायरचं एक टोक सोलत बसले होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"हां."

"सगळं आधीच ठरलेलं होतं? आणि मी रोज येऊन इथे हिशेब मांडत होते? तुम्ही चहा पाजत होतात, भजी मागवत होतात, एका शब्दाने बोलला नाहीत?"

त्यांनी वायर खाली ठेवली. "तू मन लावून करत होतीस. म्हटलं, करू दे. आणि बेटा, रोज येत होतीस. मागच्या गोष्टी निघत होत्या. आता इथं कोण येतं बसायला?"

नबीला काचेपलीकडून बघत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता. ते अधिक झोंबलं.

३ मे

'पहिल्या पानावर फक्त तुमचं नाव.' आता कळलं, का ते. ओळखीची, इथलीच, कामगाराची मुलगी. तिनेच तपासून दिलं म्हटल्यावर कोण काय बोलणार.

आईला म्हटलं, नोकरी सोडू का. ती म्हणाली, "सोडून काय हुईल? दुसरं कुणीतरी सही करंल. तू निदान खरं लिवलंयस न्हवं?"

६ मे

सिद्धेशचा फोन आला. उत्साहात होता. माझ्या कच्च्या अहवालातला एक परिच्छेद वरच्यांना फार आवडला. मी लिहिलं होतं, की पवनातीरच्या टेपांमध्ये या औद्योगिक पट्ट्याचा तीसेक वर्षांचा इतिहास आहे, त्याचं स्वतंत्र मूल्यांकन करावं, पुढे त्यातून उत्पन्न होऊ शकेल. वाहिनी टिकावी म्हणून लिहिलं होतं. वाहिनी तर जाणारच. पण टेपा आता मौल्यवान ठरल्या आणि मुंबईची माणसं येऊन त्या घेऊन जाणार.

मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. नीट जपतील.

नबीलाला सांगितलं तर ती खुर्चीवरून उठलीच. "ताई, नाशिकच्या केंद्राच्या टेपाही अशाच नेल्या होत्या. माझी मैत्रीण होती तिथे. भिवंडीच्या गोदामात पडल्यात. खोकी उघडलेली नाहीत. बघायला मागितल्या तर म्हणाले, कंपनीची मालमत्ता आहे, अर्ज करा. अर्जाला उत्तर नाही." तिचा आवाज चिरकला. "अब्बूंनी कधी पगारवाढ मागितली नाही, काही मागितलं नाही. म्हणाले होते, जाताना टेपा तेवढ्या मागून घेऊ. भंगारात देतील. तुम्ही त्यांची किंमत वाढवून ठेवलीत."

चाचा म्हणाले, "तिला काय ठाऊक होतं? चांगलंच लिहिलं तिनं."

"चांगलंच तर लिहिलं," नबीला म्हणाली.

मग चाचांनीच हळू विचारलं, "हिशेबात त्यांची किंमत किती लागते, मैत्री? तुमच्या पुस्तकात?"

मी म्हटलं, पुस्तकात शून्य. टेपा घेतल्या तेव्हाचा खर्च कधीच संपलाय.

"मग शून्यच लिही ना, बेटा."

८ मे

दोन दिवस हाच विचार. जाहिरातींचा हिशेब खरा मांडावा म्हणून मी साहेबाशी भांडले. आता त्याच हाताने, मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं त्यापुढे शून्य लिहायचं? शून्य खोटं नाही. हिशेबाच्या नियमाने तेच बरोबर आहे. पण खरं आहे का? बरोबर आणि खरं यांत इतकी वर्षं मला कधी फरक दिसला नव्हता.

शिवाय मी कंपनीचा पगार घेते. त्या टेपांतून उद्या कुणी पैसे मिळवलेच तर ते कंपनीचे बुडाले असं होईल का? मिळवणार कोण, कबड्डीतून आणि पाण्याच्या मोर्चातून?

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती मोर्चाच्या गोष्टी सांगत होती, हंडे वाजवत कशा गेल्या ते. तिला विचारलं, ती टेप बघायची आहे का? "हाय व्हय अजून?" म्हणाली आणि हातातलं काम तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

९ मे, शुक्रवार

परिच्छेद काढला.

सिद्धेश गोंधळला. "परवापर्यंत तुम्हीच म्हणत होतात, अमूल्य ठेवा."

मी तयारीने गेले होते. म्हटलं, टेपांमधल्या माणसांपैकी कुणाचीही लेखी संमती घेतलेली नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. उद्या वापरायचं म्हटलं तर तंटे उभे राहतील. अर्ध्या टेपांना बुरशी आहे. त्या साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या तर किती खर्च येईल त्याचे दर मागवलेत, हे बघा. मग गोदामाचं भाडं. ते कुठल्या केंद्राच्या माथी टाकायचं? हे केंद्र तर बंद झालेलं असेल.

तो शेवटच्या प्रश्नावर थांबला. "मुंबईच्या," तो म्हणाला.

"हो. मुंबईच्याच टाकावं लागेल."

त्याने पेन घेतलं आणि त्या ओळीपुढे स्वतःच शून्य काढलं. खाली मी सही केली.

यात एकही शब्द खोटा नाही. पुन्हा पुन्हा तपासला. बुरशी आहे, संमती नाही, दर खरे आहेत. तरीही घरी येताना पुलावर थोडा वेळ थांबले. नदीला पाणी नाही, जलपर्णी आहे नुसती. बाबांनी मला पोहायला शिकवायचं म्हणून इथे आणलं होतं, हे आजकाल कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

१९ मे

निर्णय आला. पवनातीर महिनाअखेर बंद. पत्रात 'व्यूहात्मक फेररचना' असं कारण आहे, तोट्याचा उल्लेख नाही. माझी मांडणी मुख्य भागात असल्यामुळे त्यांना तोटा म्हणता आलं नाही, एवढाच तिचा उपयोग. लोकांना भरपाई मात्र त्यामुळे नीट मिळतेय, असं हिशेब खात्यातल्या दिव्याने सांगितलं. नफ्यातलं केंद्र बंद केलं तर जास्त द्यावी लागते म्हणे. हे मला माहीत नव्हतं.

मुंबईच्या जागेबद्दल सिद्धेश काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

टेपांचं भंगार उचलायला चाचांनी अर्ज केला, तो त्याच दिवशी मंजूर.

३१ मे, शनिवार

शेवटचा दिवस. सगळे म्हणत होते, मोठा निरोपाचा कार्यक्रम करू. चाचा म्हणाले, नको. नेहमीसारखंच चालू द्या.

मी आईजवळ बसून पाहिलं. एकला 'स्मरण' लागलं. तीन फोटो होते. त्यातला एक बाबांच्या कारखान्यातला, आईने नाव येण्याआधीच ओळखला. नबीला पडद्यावर आली, नावं वाचली, वेळ सांगितली. शेवटी म्हणाली, "उद्यापासून हा कार्यक्रम नसेल. शेजारी कोण गेलं ते आपणच एकमेकांना कळवत जाऊ." तिचा आवाज जराही हलला नाही.

संध्याकाळी निळा पडदा आला.

आई म्हणाली, "तुजं काम झालं का मग?"

"झालं."

तिने रिमोट माझ्या हातात दिला. नेहमी ती तो देत नाही.

५ जून

एक वाजता आई टीव्हीसमोर येऊन बसते. टीव्ही लावत नाही. मग उठून जिन्यात जाऊन शेजारणींना विचारते, कुणाचं काही कळलं का.

मी तिला मोबाईल घेऊन देणार होते मालिकांसाठी. किती बावळट आहे मी.

१५ जून, रविवार

चाचांनी रहाटणीच्या घराच्या तळमजल्यावर, पूर्वी रिक्षा लावायचे तिथे, टेपा मांडल्यात. जुनं यंत्र दुरुस्त करून चालू केलंय. दर रविवारी एक टेप दाखवायची असं ठरलंय. नबीलाला चाकणच्या एका कंपनीत प्रशिक्षणाच्या फिल्म करायचं काम मिळालं, रविवार तेवढा तिला मोकळा असतो. टेपा उतरवून घ्यायला मी तिच्याबरोबर बसणार आहे. मला त्यातलं काही येत नाही. ती म्हणाली, "शिकवते, ताई. मोजण्याइतकं अवघड नाही."

आज पहिला रविवार. मोर्चाची टेप लावायची होती, पण ती मध्येच अडकली, साफ करावी लागेल. म्हणून 'कामगार क्रीडा दिन' लावली. चादरी अंथरल्या होत्या. आईच्या ओळखीच्या बायका, बाबांच्या कारखान्यातले दोघे-तिघे म्हातारे, काही तरुण पोरं, शेजारची लहान मुलं. आईसाठी खुर्ची ठेवली होती. ती खाली बसली.

पडद्यावर मैदान आलं. धूळ, चुन्याच्या रेघा, कंपनीचे बनियन घातलेले बारीक बारीक तरुण. आधी सगळे गप्प होते. मग एकजण म्हणाला, "हा आपला धोंडीबा." लगेच दुसरा, "अरे, केस होते त्याला." मग थांबेनाच. प्रत्येक चेहऱ्याला कोणी ना कोणी हाक मारत होतं. हा गावी गेला. हा गेला. याचा मुलगा आता नगरसेवक आहे. ही कोण, कँटीनवाली अंबुबाई, हिच्या हातचा वडा. आई सगळ्यांत पुढे. फोटो आणि नावाशिवाय, नुसत्या चालण्यावरून ती माणसं ओळखत होती.

रस्सीखेचीत बाबांच्या कारखान्यातल्या खात्याचा संघ आला. मी गुडघ्यांवर उठून बसले. कॅमेरा दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेला. मग मागे उभ्या असलेल्या लोकांवरून गेला. चाचांनी यंत्र थांबवून ते पुन्हा दाखवलं. मी सांगितलं नव्हतं.

नव्हते.

चाचा माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी काहीतरी बोलणार होते, की असू दे, चालू द्या पुढे. तेवढ्यात आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावरची नजर न हलवता, शेजारीण काही विचारेल आणि आपण सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"ते न्हाईत दिसायचे. ते तवा सेकंड शिफ्टला हायेत."